दोरी सुटली तेव्हा

मॉडेल विमाने उडवणाऱ्यांच्या क्लबात पूर्वी मैदानाच्या कडेला एक लाकडी फळी टांगलेली असे. फळीवर ओळीने आकडे आणि प्रत्येक आकड्यावर कपडे वाळत घालायचा एक चिमटा. विमान घेऊन आलेल्याने आपल्या रिमोटचा चॅनेल पाहायचा, त्या आकड्याचा चिमटा काढून स्वतःच्या अँटेनाला लावायचा आणि मगच रिमोट चालू करायचा. चिमटा जागेवर नसेल तर तो ज्याच्याकडे आहे त्याचे विमान उतरेपर्यंत थांबायचे. नियम मोडणाऱ्याचे काहीच बिघडत नसे. बिघडायचे ते दुसऱ्याचे. बालसा लाकडाच्या पट्ट्या चिकटवून, कागद ताणून, महिनोन्‌महिने खपून बांधलेले त्याचे विमान हवेतल्या हवेत ताबा सुटून नाक खाली करून जमिनीत घुसायचे.

रिमोटचा संच कोणता घ्यावा, हा प्रश्न नवशिका आजही सर्वांत आधी विचारतो. बहुतेकदा तो पल्ल्याबद्दल विचारतो, चॅनेल किती आहेत ते विचारतो, किंमत विचारतो. मात्र या छंदाचा जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास पाहिला तर खरा प्रश्न कायम वेगळाच होता: हवा एकच आहे, लहरी त्याच आहेत, मग त्या वाटून कशा घ्यायच्या? ज्या काळात ही वाटणी नीट झाली त्या काळातले रिमोट भरवशाचे ठरले. वाटणी कधी कायद्याने केली, कधी चिमट्यांच्या फळीने, आणि आता ती रिमोटच्या पोटातली चिप करते.

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडसारख्या तालुक्यातून हा इतिहास पाहिला की त्याची एक वेगळी बाजू दिसते. मुखेडपासून बीदर सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटरवर. तिथल्या हवाई तळावर भारतीय वायुदलाचे वैमानिक घडतात, आणि ‘सूर्यकिरण’ हे कसरतींचे पथक १९९६ मध्ये तिथेच उभे राहिले. त्याआधीचा इतिहास अधिक खळबळीचा आहे. १९४८ मध्ये सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री उड्डाणे करून निजामासाठी शस्त्रे आणत होता. त्याची विमाने उतरत त्या धावपट्ट्यांत बीदरचीही होती. म्हणजे विमान ही चीज या मुलखाच्या उंबऱ्यावर केव्हाच आली होती. रेडिओही आला होता. हैदराबादचे ‘डेक्कन रेडिओ’ केंद्र १९३५ मध्ये निजाम सरकारने स्वतःकडे घेतले, आणि १ एप्रिल १९५० रोजी ते आकाशवाणीत विलीन झाले. मधल्या काळात, १७ सप्टेंबर १९४८ ला, मराठवाडा मुक्त झाला.

राज्य बदलले, तरी हवेतल्या लहरींची मालकी सरकारकडेच राहिली. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांनी सगळे नियम बांधून टाकले होते. साधा रेडिओ ऐकायचा तरी पोस्टातून परवाना काढावा लागे, दरवर्षी शुल्क भरून पुस्तिकेवर तिकीट चिकटवून घ्यावे लागे. रेडिओच्या परवान्याची ती पुस्तिका मराठवाड्यातल्या अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी अजून सापडेल. घरगुती रेडिओवरची ही सक्ती उठली ती १९८० च्या दशकाच्या मध्यावर. जिथे ऐकायलाही परवाना, तिथे लहरी सोडणारे यंत्र हातात धरून माळावर उभे राहणे किती अवघड होते, याचा अंदाज यावरून यावा. आणि मॉडेल विमानाचा रिमोट म्हणजे लहरी सोडणारे यंत्रच.

बिनतारी ताब्याची कल्पना रेडिओइतकीच जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी होडी सोडली आणि हातातल्या पेटीवरून ती फिरवून दाखवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला तिचे पेटंट मिळाले. मात्र होडी पाण्यावर तरंगते. ताबा सुटला तर ती फार तर काठाला लागते. विमानाला ती सवलत नाही, आणि शिवाय त्याला प्रत्येक ग्रॅमचा हिशोब द्यावा लागतो. त्यामुळे हौशी माणसाच्या हाती रेडिओवर चालणारे विमान यायला पुढची चार दशके लागली.

ते काम केले मिशिगनमधल्या कालामाझूच्या जुळ्या भावांनी. वॉल्टर आणि विल्यम गुड यांनी १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचे विमान रेडिओवर उडवले. त्याच्या पंखांचा विस्तार ८ फूट होता, कारण नळ्यांचा रिसीव्हर आणि त्याच्या बॅटऱ्या उचलायला तेवढे पंख लागतच. दोघेही हौशी रेडिओवाले होते, परवानाधारक ‘हॅम’. लहरींची वाटणी त्यांच्यापुरती त्या परवान्याने केलेली होती. वॉल्टर गुड पुढे भौतिकशास्त्रज्ञ झाला. ‘गफ’ आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

त्या काळचा ताबा कसा चालायचा हे जवळून पाहण्यासारखे आहे. विमानाच्या पोटात पीळ भरलेला रबराचा पट्टा. त्याच्या टोकाला एक चाक, आणि चाक अडवून धरणारे विद्युतचुंबकाचे बोट. जमिनीवरून बटण दाबले की लहर जाते, चुंबक बोट उचलतो, रबर पीळ सोडतो, चाक एक घर पुढे सरकते आणि शेपटीची उभी फळी उजवीकडे वळते. बटण सोडले की ती मधे येते. पुन्हा दाबले की डावीकडे. पुन्हा सोडले की मधे. याला ‘एस्केपमेंट’ म्हणत. किती वळायचे हे सांगायची सोय नव्हती. वळ किंवा वळू नको, एवढेच. शेवटचे वळण उजवे होते की डावे, हे डोक्यात ठेवावे लागे, कारण विसरले की पुढच्या वेळी विमान भलत्याच बाजूला जाई. रबराचा पीळ संपला तर काहीच हाती उरत नसे.

त्याच सुमारास, १९४० च्या आसपास, अमेरिकेतल्या जिम वॉकर याने रेडिओची भानगडच नको म्हणून दुसरा मार्ग काढला. विमानाच्या डाव्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा बाहेर काढायच्या, त्यांचे टोक हातातल्या मुठीला बांधायचे आणि विमान स्वतःभोवती गोल फिरवायचे. मूठ वर कलली की विमान वर, खाली कलली की खाली. हे ‘कंट्रोल लाइन’. उडवणारा मध्यभागी उभा राहून विमानाबरोबर गरागरा फिरत राहतो, आणि नवख्याला हमखास चक्कर येते.

भारतात एरोमॉडेलिंग रुजले ते मुख्यतः या दोरीवर, आणि त्याला कारणही होते. एनसीसीची हवाई शाखा १९५० मध्ये सुरू झाली आणि एरोमॉडेलिंग तिच्या प्रशिक्षणाचा भाग झाले. महाराष्ट्रात तिची पथके मुंबई, पुणे आणि नागपूर इथे आहेत. छात्रांच्या हातात बालसाचे विमान आणि दोन तारांची मूठ आली. तारेला परवाना लागत नाही, तारेत दुसऱ्याच्या लहरी घुसत नाहीत, आणि तार परदेशातून मागवावी लागत नाही. छोट्या डिझेल इंजिनाचे इंधनसुद्धा इथेच जमवता येण्याजोगे: रॉकेल, एरंडेल तेल आणि ईथर, साधारण समप्रमाणात. मैदानावर त्याचा जो वास दरवळतो तो एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही. एरंडेल तेल पूर्ण जळत नाही. ते पंखांवर, शर्टावर, हाताच्या बोटांवर चिकट थर धरून बसते, आणि संध्याकाळी विमान पुसणे हा त्या दिवसाच्या कामाचाच भाग होऊन जातो.

परदेशात मात्र दोरी सोडून दिलेल्यांची धडपड चालूच होती. १९५० च्या दशकात ‘रीड’चे संच आले. रिसीव्हरमध्ये कमी-अधिक लांबीच्या पोलादी पट्ट्यांची कंगव्यासारखी रांग असे, आणि प्रत्येक पट्टी एकाच ठराविक स्वराला थरथरे. स्वर बदलला की वेगळी पट्टी वाजे आणि वेगळी फळी हलत असे. एकाऐवजी आठ-दहा हुकूम देता येऊ लागले, पण प्रत्येक हुकूम अजून पूर्ण किंवा काहीच नाही असा होता. १९६० च्या दशकात डग स्प्रेंग आणि डॉन मॅथिस यांच्यासारख्यांनी ‘डिजिटल प्रपोर्शनल’ पद्धत आणली आणि छंदाचे रूपच बदलले. हातातली दांडी जितकी कलवाल तितकीच विमानाची फळी कलते.

त्यामागची युक्ती इतकी सुटसुटीत होती की ती आजही बदललेली नाही. दर सेकंदाला साधारण ५० वेळा सर्वोला, म्हणजे फळी हलवणाऱ्या छोट्या मोटरीला, एक स्पंद जातो. तो दीड मिलिसेकंदाचा असेल तर सर्वो मधे राहतो, एक मिलिसेकंदाचा असेल तर एका टोकाला जातो, दोन मिलिसेकंदांचा असेल तर दुसऱ्या. नांदेड-लातूरच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी प्रकल्पासाठी आणलेला निळा ‘नाइन ग्रॅम सर्वो’ हीच भाषा बोलतो. साठ वर्षांपूर्वीचा सर्वो आणि आजचा सर्वो एकमेकांचे म्हणणे समजू शकतात, असे इलेक्ट्रॉनिक्समध्ये फार थोड्या वस्तूंबद्दल म्हणता येईल.

हुकूम नेमका झाला, पण तो ज्या लहरीवरून जायचा ती लहर अजून सगळ्यांची होती. रिमोटच्या मागे एक छोटी खाच असे. तिच्यात क्वार्ट्झचा क्रिस्टल बसवला की त्या संचाची कंप्रता ठरायची. त्याच्या जोडीचा दुसरा क्रिस्टल विमानातल्या रिसीव्हरमध्ये. २७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अशा ठरलेल्या सहा जागा होत्या आणि प्रत्येकीला रंग दिलेला होता: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. उडवणारा त्या रंगाची फीत अँटेनाला बांधी, म्हणजे दुरूनही कळावे कोण कुठे आहे. एका मैदानावर एका वेळी सहा विमाने, सातवे नाही. तेही शेजारी कुणी त्याच पट्ट्यातला सीबी (सिटिझन बँड) रेडिओ वापरत नसेल तर.

भारतीय घरांत हा प्रश्न खेळण्यांच्या रूपाने शिरला. बाजारातल्या स्वस्त रिमोट गाड्या २७ किंवा ४९ मेगाहर्ट्‌झवर चालत. दिवाळीत दोन चुलत भावांना एकसारख्या गाड्या आणल्या, की एकाचा रिमोट दाबताच दोन्ही गाड्या पळत. मुले हसून लोळायची. गाडी भिंतीला धडकून थांबते म्हणून हसणे परवडायचे.

मोठ्या विमानांसाठी युरोपात ३५ मेगाहर्ट्‌झ आणि अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे राखून ठेवले गेले. अमेरिकेत ७२ च्या पट्ट्यात ५० चॅनेल आखून दिले, दोन चॅनेलमध्ये अवघे २० किलोहर्ट्‌झ अंतर. सुरुवातीला सांगितलेली फळी याच काळातली. ७२ मेगाहर्ट्‌झची लहर चार मीटरांहून थोडी लांब असते. तिच्या चौथ्या हिश्श्याची अँटेना म्हणजे मीटरभर. म्हणून रिमोटमधून लांबलचक दुर्बिणीसारखी दांडी बाहेर यायची आणि विमानाच्या शेपटीपर्यंत एक वायर लोंबायची. ती वायर कुणी कापली किंवा गुंडाळून ठेवली, की पल्ला एकदम घसरायचा.

भारतातल्या हौशी माणसापुढे मात्र या साऱ्याच्या आधी दोन भिंती होत्या. एक परवान्याची, दुसरी आयातीची. १९९१ च्या उदारीकरणानंतरही ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे परिमाणात्मक निर्बंध पुष्कळ काळ टिकले. ते शेवटी उठले १ एप्रिल २००१ रोजी. तोवर जपानी बनावटीचा संच मिळवायचा तर परदेशातून येणारा कुणी नातेवाईक गाठावा लागे, आणि तो जो संच आणील तो त्या देशाच्या पट्ट्यावरचा असे. अमेरिकेतून आला तर ७२, युरोपातून आला तर ३५. मुंबई-पुण्यात मामा-काका अमेरिकेत असण्याची शक्यता तरी असे. मुखेडसारख्या गावात त्या काळी हा छंद चित्रातच राहावा अशीच सगळी मांडणी होती. मुलांच्या हुशारीचा त्याच्याशी काहीएक संबंध नव्हता.

एका लहरीवर एकच विमान, ही कोंडी फोडणारी कल्पना मात्र फार आधीच कागदावर उतरली होती, आणि तिचाही विषय बिनतारी ताबाच होता. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी एक अमेरिकी पेटंट मिळाले. पाणतीराला रेडिओवरून दिशा द्यायची तर शत्रू तीच लहर गाठून गोंधळ घालणार. मग लहर सतत बदलत ठेवायची, आणि सोडणारा व घेणारा दोघांनी ठरलेल्या क्रमाने एकाच वेळी उडी मारायची. अँथाइलला आपोआप वाजणाऱ्या पियानोची भोके पाडलेली कागदी पट्टी ठाऊक होती. त्यांच्या योजनेत म्हणूनच ८८ कंप्रता होत्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. नौदलाने तेव्हा ती वापरली नाही. लहरींवरून उड्या मारण्याचे हे तत्त्व पुढे लष्करी संपर्कात आणि नंतर घराघरांतल्या ब्लूटूथमध्ये आले.

मॉडेल विमानांच्या जगात या कोंडीचा उंबरठा ओलांडला गेला २००५ मध्ये. पॉल बियर्ड यांच्या ‘स्पेक्ट्रम’ने त्या वर्षी २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारा डीएक्स-६ हा संच बाजारात आणला. चालू करताच तो आधी हवा ऐकतो, रिकाम्या जागा शोधतो आणि तिथे जाऊन बसतो. दोनच वर्षांत जपानच्या फुताबाने सतत उड्या मारत राहणारी ‘फास्ट’ पद्धत आणली. प्रत्येक रिमोटला स्वतःचा अंकी ओळखक्रमांक असतो आणि रिसीव्हरला एकदा तो शिकवून ठेवायचा, ज्याला उडवणारे ‘बाइंड करणे’ म्हणतात. मग शेजारी वीस रिमोट चालू असले तरी तो रिसीव्हर आपल्या मालकाशिवाय कुणाचेच ऐकत नाही. चिमट्यांची फळी पाहता पाहता इतिहासजमा झाली.

त्याच २००५ मध्ये दिल्लीतही एक गोष्ट घडली. जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मुक्त झाला. ही सवलत मॉडेल विमानांसाठी दिलेली नव्हती. तिच्यामागे वाय-फायसारख्या बिनतारी इंटरनेटची निकड होती. पण विमानवाल्यांना तिचा फायदा आयता मिळाला. २७ मेगाहर्ट्‌झचा सिटिझन बँडही त्याच वर्षी मोकळा झाला. पोस्टाच्या पुस्तिकेपासून सुरू झालेली परवान्याची साखळी लहरी सोडणाऱ्यांसाठीही इथे तुटली, आणि भारतातल्या हौशी माणसाला कुणाच्या मेहेरबानीशिवाय कायदेशीर रिमोट हाती धरता आला. या छंदाच्या भारतीय इतिहासातली सर्वांत महत्त्वाची तारीख निवडायची तर ती हीच.

याचे फळ लवकर दिसले. आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी काढली. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये वसतिगृहाच्या खिडक्यांसमोर तरंगणारे चार पंख्यांचे यान त्यांचेच होते. महाराष्ट्रातल्या गावागावांत ते दृश्य पाहून कितीतरी मुलांनी थर्माकोल, सनबोर्ड आणि हॉट ग्लूची बंदूक जवळ केली असेल. नवी मुंबईतली ती कंपनी पुढे लष्कराला ड्रोन पुरवू लागली आणि २०२३ मध्ये शेअर बाजारात आली.

नव्या पट्ट्याने जुने दुखणे संपवले, पण स्वतःची काही दुखणी सोबत आणली. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर लांब. तिची अँटेना तीन सेंटिमीटरची, बोटाच्या पेराएवढी. एवढी छोटी लहर अडथळ्यांना वळसा घालत नाही आणि पाणी तिला शोषून घेते. हिरवागार ऊस, पालवलेली झाडे, माणसाचे शरीर, ओली माती, सगळ्यांत पाणीच. मांजरा किंवा मन्याडच्या काठी उभ्या उसाच्या फडामागे विमान खाली नेले, तर मैदानावर किलोमीटरभर चालणारा संच दोनशे पावलांवर अडखळू शकतो. कार्बन फायबरचे अंग असलेल्या विमानात अँटेना आतच ठेवली तर तेही लहर अडवते. म्हणून चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना असतात आणि त्या एकमेकींना काटकोनात बसवायच्या असतात. विमान कसेही वळले तरी दोहोंपैकी एक तरी रिमोटकडे नीट पाहत राहते.

दुसरे दुखणे विजेचे. जुना रिसीव्हर बॅटरी उतरली तरी घसा बसल्यासारखा काम करत राहायचा. नवा रिसीव्हर हा छोटा संगणक आहे. चार सर्वो एकदम जोर लावतात, क्षणभर दाब खाली येतो आणि संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. याला ‘ब्राउनआउट’ म्हणतात. सुरुवातीच्या संचांना पुन्हा जोडले जायला काही सेकंद लागत, आणि विमानाला जमिनीवर यायला तेवढे पुरे. रेडिओने दगा दिला म्हणून ज्यांची नोंद होते, त्यांतली पुष्कळ विमाने खरे तर तीस-चाळीस रुपयांच्या ढिल्या कनेक्टरने किंवा दमलेल्या बॅटरीने पाडलेली असतात. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. बंद गाडीत तापलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी तेव्हा फुगते, आणि ती फुगलेली बॅटरी वापरू नये, हा नियम इथे इतर ठिकाणांहून अधिक कडकपणे पाळावा लागतो.

मुखेडहून आज संच घ्यायचा तर या इतिहासानेच क्रम लावून दिलेला आहे. पहिला प्रश्न पट्ट्याचा. २.४ गिगाहर्ट्‌झ निर्धास्त. लांब पल्ल्यासाठी हल्ली ‘एक्सप्रेसएलआरएस’ ही खुली, जगभरच्या हौशींनी मिळून विकसित केलेली पद्धत लोकप्रिय आहे आणि तिचे काही संच उप-गिगाहर्ट्‌झ पट्ट्यांत चालतात. तिथे सांभाळून पाऊल टाकावे. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा आहे. अमेरिकेसाठी बनवलेला ९१५ चा संच स्वस्तात मिळतो म्हणून आणला, तर तो इथे मोबाइल कंपन्यांना दिलेल्या लहरींच्या दारात जाऊन उभा राहतो. वस्तू तीच, बेकायदा मात्र इथे. संचाच्या मेनूत भारतासाठीचा ८६६ चा पर्याय आहे का, हे विकत घेण्याआधी विचारावे.

दुसरा प्रश्न ‘फेलसेफ’चा. संपर्क तुटला तर विमान काय करील, हे मालकाला ठरवता येते का? पेट्रोलचे असो की विजेचे, तुटताच मोटर बंद झाली पाहिजे. हे तपासायचे जमिनीवर: पंखा काढून ठेवायचा, मोटर चालू करायची, रिमोट बंद करायचा आणि पाहायचे. ज्या संचात हे ठरवता येत नाही तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. तिसरे, पल्ल्याची चाचणी. पूर्वी अँटेना मिटवून करत, आता रिमोटमध्येच ताकद कमी करण्याची सोय असते. ती चालू करून तीसेक पावले मागे जायचे आणि सर्व फळ्या न थरथरता हलतात का ते पाहायचे. हे दर उड्डाणाच्या दिवशी करायचे, वर्षातून एकदा नव्हे.

चौथा प्रश्न भागांचा आणि शिकवणाऱ्याचा. मुखेडपासून हैदराबाद सरळ रेषेत पुण्याच्या निम्म्या अंतरावर आहे. कोटीच्या गुजराती गल्लीत सर्वो, कनेक्टर, रिसीव्हर हाताळून घेता येतात, आणि कुरिअरने चुकीचा भाग येऊन आठवडा वाया जाण्यापेक्षा तो प्रवास परवडतो. आणि ज्याच्याकडून उडवायला शिकायचे त्याच्याकडे जी पद्धत आहे तीच घ्यावी. दोन रिमोट जोडून गुरूला क्षणात ताबा परत घेता येतो ती सोय एकाच घराण्याच्या संचांत सहज जुळते. पहिले विमान वाचते ते बहुधा या सोयीमुळेच.

कायद्याची वाटणीही आता लहरींपुरती राहिलेली नाही, हवेच्या जागेचीही झाली आहे. २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मानवरहित यानांच्या खासगी वापराला मनाई केली होती. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी ती घडी पुष्कळ सैल केली. २५ किलोपर्यंतचे, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेले यान या नियमांत ‘मॉडेल’ ठरते आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या यानाला वैमानिकाचे प्रमाणपत्र नको. हौसेसाठी उडवलेल्या २ किलोपर्यंतच्यालाही नको. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. नांदेड किंवा लातूर विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते आणि त्याहून जवळ जमिनीपासूनच निर्बंध लागतात. बीदरचा तळ लष्करी आहे, म्हणून उदगीर-औरादच्या बाजूला जाणाऱ्याने ‘डिजिटल स्काय’चा नकाशा त्याच दिवशी उघडून पाहावा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे, सुटे भाग आणता येतात. स्वतः बांधणाऱ्याला या धोरणाने उलट बळच दिले.

आता हेच कौशल्य रोजगाराकडे वळते आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे ठरले. किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान. सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्यात दहा लिटर औषध घेऊन उडणारे ते यंत्रही रिमोटच्या लहरीवरच चालते, त्यालाही फेलसेफ लागतो, आणि उसाच्या फडामागे त्याचीही लहर अडते. ज्या मुलीने आठवीत थर्माकोलचे विमान पाडून पाडून हे शिकलेले असेल, तिला त्या यंत्राची भीती वाटणार नाही.

त्यासाठी एका गोष्टीची उणीव मात्र पैशाने भरून निघत नाही, ती मैदानाची. रिमोट घरी येतो, पण दुसऱ्याचे विमान हवेत असताना आपण काय करायचे, चाचणी न करता उडवणाऱ्याला कसे थांबवायचे, उतरताना कुणाला आधी जागा द्यायची, हे चार जण एकत्र उडवतात तिथेच शिकता येते. जिल्हा क्रीडा कार्यालय, एनसीसी आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी मिळून नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत विजेच्या उच्चदाब तारांपासून व वस्तीपासून दूर, हिरव्या क्षेत्रातले दोनशे मीटरांचे एकेक गायरान रविवारच्या सकाळपुरते जरी ठरवून दिले आणि तिथे एक जाणता माणूस नेमला, तरी मुखेड, देगलूर, उदगीर आणि अहमदपूरच्या मुलांना पुण्याची वाट धरावी लागणार नाही. येत्या उन्हाळी सुटीआधी हे करता येण्याजोगे आहे.